सोडायची तारीख

४ फेब्रुवारी

प्रिय उद्या,

हे पत्र मला अत्यंत गंभीर मनाने आणि डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत सुचलेलं आहे. आमच्या इमारतीला पाणी सोडणाऱ्या माणसाने गेल्या महिन्यापासून वेळ पाळणं सोडून दिलं. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी सोमवारचं मंगळवारी. काल नळाला धार बघून मी निर्धास्तपणे डोकं भिजवलं, साबण चोळला, आणि नळाने एक उसासा टाकून डोळे मिटले. माझे मिटलेलेच होते. जगात याहून मोठे अन्याय झाले असतील, पण ते माझ्या डोळ्यांत गेलेले नाहीत.

शेवटी टॉवेल गुंडाळून खालच्या मजल्यावरच्या बाईंचं दार वाजवावं लागलं. त्यांचं पायपुसणं जिन्याच्या पायरीवर पसरतं, यावरून मी त्यांच्याशी अबोला धरलाय हे तुला माहीत आहे. त्यांनी काही न बोलता दोन बादल्या पुढे केल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आता मी त्यांची दोन बादल्यांची मिंधी आहे, आणि पाणी परत करायचं तर आधी ते यावं लागतं.

तू विचारलंस, तुमचं मासिक इतकी वर्षं एक तारखेला निघतं तरी कसं. प्रश्न कौतुकाचा नव्हता. जीव मेटाकुटीला आलाय हे तुझ्या अक्षरावरून दिसलं. तर ऐक. मासिक चांगलं असतं म्हणून एक तारखेला निघत नाही. एक तारीख येते म्हणून निघतं. जो लेख तयार, तो आत. जो नाही, तो पुढच्या महिन्यात. एका कवीने माझ्या टेबलासमोर बसून रडून दाखवलं होतं. मी त्याला रुमाल दिला आणि अंक छापायला पाठवला. पुढच्या महिन्यात कविता आली. रुमाल अजून यायचाय.

तुमचं गाडं कुठे अडलंय ते मला समजेल अशा भाषेत लिही. फोन करू नकोस. फोनवर तू नुसता "हूं" म्हणतोस आणि मागे बटणं वाजत असतात. सिगारेट सुटली का? आणि सिस्टरला विचारलंय म्हणून सांग. तुझी सख्खी सिस्टर मी असून जगाने ती हाक तुझ्या बायकोला दिली, याचा राग मी केव्हाच सोडलाय. ती नर्स आहे. मी नुसतीच बहीण.

ताई

१९ फेब्रुवारी

ताई,

सिगारेट सुटलेली नाही. विषय संपला.

आमचा प्रोग्रॅम लहान हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या पाळ्या लावतो. कोण सकाळी, कोण रात्री, कोणाला सुट्टी. फुकट आहे आणि उघडा आहे. म्हणजे कोणीही आत डोकावावं, बिघडलेलं दिसलं तर दुरुस्त करावं आणि ती दुरुस्ती आमच्याकडे पाठवावी. असे उद्योगी लोक आम्ही डझनभर, डझनभर गावांत. एकमेकांना कधी भेटलेलो नाही, त्यामुळे संबंध चांगले होते. आलेली सगळी भर एकत्र करून नवी आवृत्ती सोडायची, मग हॉस्पिटलं ती उतरवून घेतात. सोडायचं काम माझं. शेवटची आवृत्ती सोडून दोन वर्षं झाली.

कारण अदलाबदल. नर्सेसनी आपसात पाळ्या बदलून घ्यायच्या, अशी सोय. ती आमचा दंतवैद्य बनवतोय. खरा दंतवैद्य आहे. पेशंटच्या दातातला मसाला सुकेपर्यंत प्रोग्रॅम लिहितो. माणूस फार बारकाईचा. थोडंच राहिलंय असं म्हणतो. मागच्या वर्षीही थोडंच राहिलं होतं. ते घेतल्याशिवाय सोडलं तर लोक म्हणतील, दोन वर्षांत एवढंच? म्हणून थांबलोय. थांबलोय म्हणून लोक आणखी काही काही पाठवतात, ते तपासताना नवे घोळ निघतात, म्हणून आणखी थांबतो. साध्या दुरुस्त्याही त्यात अडकून पडल्यात. उदाहरणार्थ, रात्रपाळी संपवलेल्या नर्सला लगेच सकाळपाळी लागते, असा एक बावळट घोळ जुन्या आवृत्तीत आहे. तो आम्ही मागच्या वर्षीच काढला, दुरुस्ती छान बसलीय. जाईल अदलाबदलीबरोबर.

आता आमच्यातल्या भूगोलाच्या बाईंनी टूम काढलीय, की ठरलेल्या तारखांना सोडायचं, काहीही होवो. दर तीन महिन्यांनी की सहा, यावर काथ्याकूट चालू आहे. वेळापत्रक ठरवायची बैठक कधी घ्यायची, हे ठरायलाच महिना गेला.

सिस्टर ठीक. घरी असते तेव्हा झोपलेली असते. तिला सांगितलंय, हे एकदा सोडलं की कुठेतरी जाऊ.

तुझा,
उद्या

३ मार्च

प्रिय उद्या,

"तुझा, उद्या." इतकी प्रामाणिक सही मी दुसरी पाहिलेली नाही. लाडाने ठेवलेलं नाव माणसाने एवढं मनावर घ्यायचं नसतं. आजचा कधी होशील?

पाणी काल आलं तेव्हा मी ऑफिसात होते. आज आलं तेव्हा भाजी घेत होते. सगळी इमारत नळाला कान लावून जगते आहे. बादली घेऊन बसलेल्या माणसाशी बोलून बघ, त्याचं निम्मं लक्ष मोरीत असतं. गंमत अशी की पाणी कमी झालेलं नाही. आधीही एवढंच यायचं. पण ठरल्या वेळी यायचं, आणि उरलेला दिवस माणसं माणसांसारखी वागायची. तुझ्या हॉस्पिटलांना धबधबा नकोय रे. धार कधी येणार तेवढं सांग.

दंतवैद्याला म्हणावं, दात तयार होईपर्यंत पेशंटला आ वासून दोन वर्षं बसवतोस का? आणि शिवून झालेला कपडा गिऱ्हाइकाला न देता खुंटीला टांगून ठेवणाऱ्या शिंप्याला लोक काय म्हणतात, ते छापण्याजोगं नाही.

सहा महिने ठेवा. तीन तुम्हाला झेपणार नाहीत, वर्ष ठेवलं तर विसराल. आणि तारीख ठरली की चारचौघांना दिसेल अशी लिही. कॉम्प्युटरात नको, तिथे तू ती गुपचूप पुढे ढकलशील. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिही. तिथे खोटेपणा करायचा तर बायकोच्या नजरेखाली करावा लागतो.

"हे एकदा सोडलं की" हे वाक्य मात्र सिस्टरपुढे पुन्हा काढू नकोस. बाबांचं "निवृत्त झालो की" आईने आयुष्यभर ऐकलं. निवृत्त झाले, आणि रेडिओ उघडून बसले.

ताई

२४ मार्च

ताई,

ठरलं. जूनचा पहिला सोमवार. मग डिसेंबरचा पहिला सोमवार. असंच कायम.

सहज ठरलं नाही. दंतवैद्य म्हणाला, माझं काम वगळून सोडणार म्हणजे मलाच वगळणार. भूगोलाच्या बाईंनी शाळेतल्या आवाजात समजावलं, की बस चुकली तर माणूस पुढच्या बसने येतो, त्याला गावातून काढून टाकत नाहीत. त्याला ते पटलं नाही. तेव्हापासून तो मला "आपण" म्हणतो. आठ वर्षांची अरे-तुरे संपली.

तू सांगितलंस तसं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जूनच्या पानावर लाल गोल काढून ठसठशीत लिहिलं: "सोडायचं." डिसेंबरच्या पानावर लिहायचा धीर झाला नाही.

लिहिल्यापासून मला एका जागी चैन नाही. बसलो की वाटतं होणार नाही, उठलो की वाटतं बसायला हवं होतं. चहा करतो, विसरतो, गार झालेला ओतून पुन्हा करतो. तारीख नव्हती तेव्हा मी बरा झोपत होतो.

सिस्टर कॅलेंडरपुढे बराच वेळ उभी होती. मग मला विचारलं, ठरलं का तुमचं? मी म्हटलं, ठरलं, आता मागे हटायचं नाही. ती "बरं" म्हणाली आणि ड्युटीला गेली. तिलाही सुटल्यासारखं वाटलं असणार.

तुझा,
उद्या

९ एप्रिल

ताई, नमस्कार.

पाकिटावरचा पत्ता बदललेला दिसला असेल. मी हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायला आले आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

ह्यांनी मला सोडायचं ठरवलं आहे. तोंडाने बोलले नाहीत, कॅलेंडरवर लिहिलं. जूनचा पहिला सोमवार, लाल पेनाने, गोल काढून. विजेच्या बिलाची तारीख लिहितात तसं. मी विचारलं, ठरलं का. तर म्हणाले, मागे हटायचं नाही. जूनपर्यंत वाट बघत बसायचा माझा स्वभाव नाही. बॅग भरली. हे आतल्या खोलीत टाइप करत होते. मी "जाते" म्हटलं, हे "हूं" म्हणाले. दोन दिवसांनी फोन आला, साखर संपली की कुठे ठेवली आहे ते विचारायला.

अंगात ताकद असती तर भांडून निघाले असते. पण वॉर्डातल्या भिंतीवर पाळ्यांचा तक्ता लागतो, त्यात रात्रपाळी संपली की पुढच्याच रकान्यात सकाळपाळीला पुन्हा माझं नाव. मेट्रन म्हणतात, कॉम्प्युटरने काढलंय, कॉम्प्युटरला विचारा. मागच्या आठवड्यात मी इंजेक्शनची कुपी हातात घेऊन लेबल वाचलं. बरोबर वाटलं. पुन्हा वाचलं, तरी बरोबर वाटलं. शेजारच्या सिस्टरने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "अहो, ही नाही." पेशंटला काही झालं नाही. मला झालं. तेव्हापासून प्रत्येक लेबल तीनदा वाचते.

तो तक्ता कोणाचा प्रोग्रॅम काढतो, हे मी वॉर्डात सांगितलेलं नाही. लाज वाटते म्हणून नाही. बाकीच्यांना शिव्या घालायला मोकळीक राहावी म्हणून. ह्यांनाही कधी बोलले नाही. आपल्या पोराचं गाऱ्हाणं ऐकताना बापाचा चेहरा होतो ना, तो मला बघवला नसता.

तुम्ही ह्यांची बाजू घ्याल, सख्ख्या आहात, घ्या. पण खरं काय ते मला कळवा.

सिस्टर

१३ एप्रिल

सिस्टर,

आधी हस, मग पुढचं वाच. त्या गाढवाला तुला सोडायचं नाही. त्याला आवृत्ती सोडायची आहे. त्याच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती, जूनच्या पहिल्या सोमवारी, लोकांसाठी. आपल्या भाषेनेही एका क्रियापदावर किती ओझं टाकावं? पाणी सोडतात, सिगारेट सोडतात, बायको सोडतात, आशा सोडतात, आणि आता हे. त्याने वाक्यात कर्म लिहिलं नाही, म्हणून ते तुझ्या वाट्याला आलं. शाळेतही व्याकरणात तो काठावरच पास व्हायचा. कॅलेंडरवर लिही हा सल्ला माझा होता, तेव्हा त्याला द्यायच्या शिव्यांतल्या निम्म्या मला दे.

घरी परत जा, असं मी म्हणणार नाही. कुपीचं वाचलं तेव्हा नळाला पाणी आलं होतं, आणि मी उठले नाही. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती तुला त्याने सांगायला हवी. चार दिवसांत आला नाही, तर मी सांगेन.

ताई

१३ एप्रिल

उद्या,

साखर मिळाली का? बायको गेली आहे. ड्युटी लांबलेली नाही. ती क्वार्टर्समध्ये राहते, कारण तुझ्या कॅलेंडरवर तिने "सोडायचं" वाचलं आणि काय ते लिहायला तू विसरलास. तो गैरसमज मी दूर केलाय. त्यावर आपण म्हातारपणी हसू.

ज्यावर हसता येणार नाही ते आता वाच. रात्रपाळीनंतर लगेच सकाळपाळी, तो "बावळट घोळ". तू तो एका ओळीत उरकलास, मी शिंप्याचा विनोद करून मोकळी झाले. तुझ्या बायकोच्या वॉर्डात तुझीच जुनी आवृत्ती चालते. तू स्वतः जाऊन बसवून आला होतास आणि मला कौतुकाने लिहिलंही होतंस. तो घोळ तिच्या अंगावरून जातो. घरी असते तेव्हा झोपलेली असते, असं तू लिहिलंस, जसं काही तिला झोपेची आवड आहे. तिने सांगितलं नाही कारण ते तुझं आहे. तू विचारलं नाहीस कारण तेही तुझंच आहे.

वॉर्डात परवा काय होता होता राहिलं, ते तिच्या तोंडून ऐक. "हूं" म्हणू नकोस.

आणि जूनची वाट बघू नकोस. पाइप फुटल्यावर कोणी वेळापत्रक काढून बघत बसत नाही.

ताई

२८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. त्याच दुपारी सोडली. फक्त ती एक दुरुस्ती, जुन्या आवृत्तीला ठिगळ लावावं तशी. जेवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. ताई, हेच मला सहन होत नाहीये.

मग क्वार्टर्सवर गेलो. व्हरांड्यातल्या बाकावर बसलो दोघं. आधी तिने कुपीचं सांगितलं. मग मी सांगितलं, की दुरुस्ती वर्षभर माझ्याकडे तयार होती. ती म्हणाली, "म्हणजे मी रोज आतल्या खोलीच्या दारावरून बाथरूमला जात होते, आणि ती आत होती?"

मी "हो" म्हटलं. "हूं" नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मेट्रनना भेटून मीच ती त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवून दिली. कोणाचा नवरा ते याही वेळी सांगितलं नाही. दंतवैद्याने लिहिलं होतं, वेळापत्रक सुरू व्हायच्या आधीच आपण ते मोडलंत. मी त्याला सगळं कळवलं. थोड्या वेळाने उत्तर आलं: "तू आधी का नाही बोललास?" बाकी काही नव्हतं. भूगोलाच्या बाईंनी नियमात ओळ घातली: नव्या सोयी तारखेलाच, पण माणसाला इजा होईल अशी चूक सापडली तर त्याच दिवशी.

सिस्टर घरी आलेली नाही. म्हणाली, जूनच्या सोमवारी येऊन बघेन, तुम्ही सोडता का ते. कोणी कोणाला सोडायचं हा प्रश्न आता तुमच्याकडे नाही, तो माझ्याकडे आहे.

घरात फिरतो नुसता. साखर डब्यातच होती.

तुझा,
उद्या

जूनचा पहिला मंगळवार

ताई, नमस्कार.

काल घरी गेले होते. पाहुणीसारख्या चपला दाराबाहेर ठेवून.

आवृत्ती सुटली. पण सुटेपर्यंत ह्यांनी मला दमवलं. सकाळीच दंतवैद्यांचा निरोप आला होता: एक आठवडा द्या, अदलाबदल नक्की होते. ह्यांचा हात पुढे जायचा आणि परत यायचा. उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, सिगारेट शोधायचे, बसायचे. मला म्हणाले, दोन वर्षं गेली तिथे आठवड्याने काय बिघडतंय? मी कॅलेंडरकडे बघत राहिले. लाल गोलात ह्यांनी नंतर बारीक अक्षरात एक शब्द घुसडलाय. आता ते "आवृत्ती सोडायचं" असं झालंय. तुम्हाला कळवते, व्याकरण अजून काठावरच आहे.

दुपारी सोडली. अदलाबदलीवाचून. मग हात लोंबकळत उभे राहिले आणि म्हणाले, आता काय करू? मी म्हटलं, भांडी. घासली. एक कप फोडला. दंतवैद्यांनी सगळ्यांचं अभिनंदन करून खाली लिहिलं, डिसेंबरच्या बसने येतो.

वॉर्डात नव्या तक्त्यावर रात्रीनंतर सुट्टी लागते. पहिल्यांदा लागली तेव्हा मी इतकी झोपले, की उठल्यावर शेजारणीला वार विचारला. लेबल मात्र अजून तीनदा वाचते, ते तसंच राहू दे.

संध्याकाळी मी क्वार्टर्सवर परत आले. ह्यांनी "थांब" म्हटलं नाही. "कधी येशील?" असं विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी विचारत असे. मी सुट्टीचे वार सांगितले, त्यांनी लिहून घेतले. त्यापुढची तारीख मी दिलेली नाही आणि देणार नाही. सध्या माझं जेवढं तयार आहे, तेवढी जाते.

सिस्टर

१२ जून

सिस्टर,

"आवृत्ती सोडायचं" वाचून मी लाल पेन हातात घेतलं होतं. ठेवून दिलं. असू दे तसंच.

कालच त्याचंही पत्र आलं. डिसेंबरच्या पानावर लिहायला घेतलं, पण पेन टेकवण्याआधी तुला विचारायचं ठरवलं, असं म्हणतो. भूगोलाच्या बाई आतापासून मागे लागल्यात, दंतवैद्य दोन पेशंटांच्या मध्ये झपाटल्यासारखा लिहितोय, आणि ह्याला वाटतंय डिसेंबर उद्यावर आला. सही तीच, "तुझा, उद्या." मी यावेळी टोमणा मारलेला नाही. तारीख दिली की माणूस सुधारत नाही, नुसता ताळ्यावर राहतो. तेवढ्यावर माझं मासिक चाललंय.

आमच्या फाटकावर पाणीवाल्याने कागद चिकटवलाय, वेळ लिहून. चार दिवस त्याच वेळी पाणी येतंय. कोणाचाच विश्वास बसलेला नाही. सगळे अजून दिवसभर नळाकडे कान लावून असतात, मीसुद्धा. हे लिहिताना दोनदा उठून बघून आले. कान बंद व्हायला पाण्यापेक्षा जास्त दिवस लागणार, तेव्हा तुझ्या तारखेचं तू म्हणतेस ते मला कळतं. घाई करू नकोस.

इथेच थांबते, धार आली. आज डोकं धुणार नाही. खालच्या बाई अजून ऑफिसातून यायच्या आहेत. त्या येण्याआधी दोन बादल्या भरून त्यांच्या दाराशी ठेवते, आणि पायपुसणं पायरीवर आलंय ते जरा आत सरकवून येते.

ताई